खेळ आणि चित्रकलेतून मुलांसोबत काम करायचंय, पण वर्षभरात बदली होणार. जावं का?

निळीशाई

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्या ऑफिसजवळ एका संस्थेचं संध्याकाळचं केंद्र आहे. आठ ते चौदा वयाची मुलं येतात. काहींचे आईवडील रोजंदारीवर, काही कुटुंबं कामामागे सतत जागा बदलणारी, आणि काही मुलं निवारागृहातली. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसतं, तो वेळ ती तिथे काढतात. अभ्यास घेणारे स्वयंसेवक संस्थेला मिळालेत, खेळ आणि चित्रकला घेणारं कुणी नाही. म्हणून त्यांनी मला विचारलं. मी कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले होते. चित्रं हौसेने काढते, जलरंग जास्त. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी देऊ शकते.

मन तयार आहे, पण शंका खूप आहेत. मी आजवर कुणाला काही शिकवलेलं नाही. मुलांनी ऐकलंच नाही तर? एखादं मूल नुसतं कोपऱ्यात बसून राहिलं तर त्याला ओढून आणायचं की सोडून द्यायचं? जाताना खाऊ, बक्षिसं, रंगांच्या पेट्या असं काही न्यावं का, की त्याने सवय बिघडते?

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माझी नोकरी बदलीची आहे. येत्या वर्षभरात ऑर्डर येणार, कदाचित आधीही. मुलांना लळा लावायचा आणि निघून जायचं, त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं आई म्हणते. मला तिचं म्हणणं खोडताही येत नाही आणि पटतही नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया लिहा.

रानफूल

निळीशाई, जास्त विचार करू नका, जाच. मुलांना थोडं प्रेम मिळालं तरी ती खुलतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी म्हणजे काही कमी नाही. आमच्या शेजारच्या काकू निवृत्तीनंतर मुलींना शिवण शिकवायला जायच्या, त्यांचा स्वतःचाच चेहरा बदलला होता. शुभेच्छा, आणि अनुभव इथे लिहाच.

मैदानवाला

निळीशाईताई, नोकरी सांभाळून बरीच वर्षं मुलांचे मैदानी खेळ घेतोय, मुख्यतः फुटबॉल. सविस्तर लिहितो.

तुमच्या आईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. आधी त्या अर्ध्याबद्दल. अमेरिकेत एका मुलामागे एक मोठं माणूस अशा जोड्या लावून देणारा जुना उपक्रम आहे. त्यातल्या जोड्यांचा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. जी नाती फार लवकर तुटली, त्यांतल्या मुलांची स्थिती काही बाबतींत उलट आधीपेक्षा खालावली. म्हणजे अर्धवट सोडून जाणारा माणूस नुसता निरुपयोगी ठरत नाही, नुकसान करून जातो. आईंची भीती याच जागेवरची आहे आणि ती योग्य आहे.

पण तो अभ्यास जोडीच्या नात्याचा आहे, आणि तुम्हाला गटाला खेळवायचंय. गटात मुलाचं नातं एकट्या तुमच्याशी जुळत नाही. खेळाशी, त्या वेळेशी, आपल्या संघातल्या पोरांशीही जुळतं. तुम्ही गेल्यावर ते सगळं शिल्लक राहील अशी मांडणी पहिल्या दिवसापासून केलीत, तर वर्षापेक्षा कमी काळासाठीही जायला हरकत नाही. फक्त कुणा एका मुलाची 'खास ताई' होण्याचं टाळा. मोह होतो, कारण एखादं मूल बिलगतंच. त्याला दूर लोटू नका, पण त्याचा हात धरून त्याला गटात परत आणा.

रानफूल म्हणतात तसं प्रेम लागतंच. मात्र या मुलांच्या आयुष्यात गोड बोलणारी माणसं बरीच येऊन गेलेली असतात, ठरल्या वेळी परत येणारी फार थोडी. मंगळवारी साडेपाच म्हटलंत की साडेपाचला तुम्ही फाटकात दिसायला हव्यात. पाऊस पडला तर आत बसून खेळा, पण या. येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्या आणि तो मुलांपर्यंत पोचला का, हे विचारा. सुरुवातीला मुलं तुम्हाला तपासून बघतात. चेंडू मुद्दाम भिंतीपलीकडे मारतील, उलट उत्तरं देतील, आणि कुणीतरी तोंडावर विचारेल, "तू पण जाणार ना?" त्याला खरं उत्तर द्या: "हो, माझी बदली होणार आहे. कधी ते कळलं की तुम्हाला लगेच सांगेन." या उत्तराने मुलं बिथरत नाहीत. आधी खोटं ऐकलेलं असतं म्हणून बिथरतात.

आता कोपऱ्यात बसणाऱ्याबद्दल, कारण हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येणार.

आमच्याकडे एक मुलगा नियमित यायचा आणि कठड्यावर बसायचा. विचारलं की म्हणायचा, पोट दुखतंय. खेळ मात्र डोळ्यांची पापणी न हलवता बघायचा, कुणी चुकीचा पास दिला की मांडीवर हात आपटायचा. म्हणजे पोट दुखत नव्हतं. मी त्याच्या बसण्याकडे लक्ष द्यायला लागलो. दोन्ही पाय तो मागे दुमडून घ्यायचा. एकदा उठताना दिसलं, उजव्या बुटाचा तळ पुढून पूर्ण उघडलेला होता आणि तो त्याने सुतळीने आवळून बांधला होता. चालताना निभत होतं, धावला असता तर तळ फटफट वाजला असता आणि सगळ्यांनी वळून बघितलं असतं. मी त्याला काही बोललो नाही. त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, आज अनवाणी खेळायचं, चेंडू पायाला कळायला हवा. माझेही बूट काढले. आधी सगळ्यांनी रांगेत मैदान फिरून खडे आणि काचा वेचल्या. तो खाली उतरला आणि बचावाला उभा राहिला. डाव्या पायाने इतकं सफाईदार मारायचा की पुढच्या वेळी दोन्ही संघ त्याच्यासाठी भांडले.

बुटांचं नंतर संस्थेशी बोलून जमवलं, सगळ्यांना मिळाले तेव्हा त्यालाही मिळाले. एकट्याला आणून दिले असते तर जे लपवायला तो इतके दिवस कठड्यावर बसला, तेच मी जाहीर केलं असतं. वस्तू न्यायच्या की नाही याचं माझं उत्तर यातच आलं. न्यायच्या तर संस्थेमार्फत, सगळ्यांसाठी, आणि शक्यतो सामायिक: चेंडू, दोऱ्या, खडू. तर कोपऱ्यातल्या मुलाला ओढू नका, पण सोडूनही देऊ नका. त्याला गुण मोजायला द्या, वेळ लावायला द्या, चेंडूत हवा भरायला द्या. जवळ ठेवा आणि बघत राहा. कारण बहुतेक वेळा अगदी साधं, हाताला लागण्यासारखं असतं. चष्मा नसतो, कपडा फाटलेला असतो, धाकट्या बहिणीवर लक्ष ठेवायचं असतं.

बास्केटबॉलबद्दल थोडं. तुम्ही खेळलात तो सात किंवा सहा नंबरचा चेंडू लहान मुलांच्या हाती देऊ नका, मनगट दुखतं आणि भीती बसते. बारा वर्षांखालच्यांसाठी मिनी बास्केटबॉल म्हणून वेगळा प्रकारच आहे. चेंडू पाच नंबरचा, आणि रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर. रिंगच नसेल तर भिंतीवर खडूने गोल काढा. आठ वर्षांच्या मुलाचा चेंडू पहिल्या दिवशी गोलात लागला पाहिजे, तंत्र नंतर.

मुली. आठ-नऊ वर्षांपर्यंत धावतात आणि अकरा-बाराला एकेक करून बाहेर बसायला लागतात. कारणं घरची असतात तशी मैदानावरचीही असतात. त्यांना कुणी पास देत नाही, हे त्यांतलं मोठं. कोलंबियातल्या मेडेलिन शहरात १९९४ मध्ये आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूचा खून झाला. त्यानंतर तिथल्या वस्त्यांमध्ये तरुणांना हिंसेपासून दूर ठेवण्यासाठी फुटबॉलचा एक उपक्रम सुरू झाला. मुलगे-मुली एकाच संघात, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. पुढे यातूनच सामन्याचे तीन भाग करण्याची पद्धत आली: आधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं ते बोलायचं, आणि त्या वागण्याचेही गुण. पंच नसतोच. मी हे आमच्याकडे करून बघितलं. पहिल्या गोलाचा नियम लावल्यावर पोरांची तक्रार होती, "पण तिला येत नाही." मी म्हटलं, मग शिकवा, नाहीतर हरा. शिकवलं. सामन्यानंतरच्या बोलण्यात सुरुवातीला नुसती भांडणं होतात, ती होऊ द्या. आपण मध्ये बसून निवाडा द्यायची घाई करू नये, मुलं स्वतः नियम दुरुस्त करतात आणि स्वतः केलेला नियम पाळतातही.

शेवटी तुमच्या जाण्याबद्दल. नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ पासून युवकांची एक क्रीडा संघटना चालते. तिथे संघाला सामन्याचे गुण मिळतात तसे वस्तीतला कचरा साफ केल्याचेही मिळतात, आणि सगळं चालवण्यात तिथलीच पोरं पुढे असतात. तुम्ही एवढं मोठं काही करायला नको. पण मोठ्या मुलामुलींपैकी दोघातिघांना सुरुवातीचा व्यायाम घ्यायला, संघ पाडायला, सामान मोजून ठेवायला शिकवा. तुमची बदली होईल त्या दिवशी किल्ली आणि शिट्टी कुणाच्या हातात जाणार, हे तोपर्यंत ठरलेलं असेल.

तिसरीघंटा

मैदानवाला, अगदी मनातलं लिहिलंत. मी मुलांसोबत नाट्यखेळ आणि चित्रं घेते, त्यामुळे कलेच्या बाजूने लिहिते.

निळीशाई, जलरंग तुमचे लाडके असतील, पण सुरुवात त्यांनी करू नका. जलरंग पळतात, कागद सुरकुततो, चुकलं की दुरुस्त होत नाही. ज्या मुलाला आधीच वाटतं की आपलं सगळं बिघडतं, त्याला हे माध्यम पहिल्याच दिवशी हरवतं. तेलखडू, कोळसा, फरशीवर रंगीत खडू अशा जाडजूड, हुकमी गोष्टी घ्या. कागद शक्य तितका मोठा. चार मुलांत एक मोठा कागद दिलात की कोपरे कुणाचे, मध्ये काय, यावरून बोलणं आपोआप सुरू होतं. जलरंग नंतर आणा, मुलं मागतील तेव्हा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, दरवेळी पूर्ण कागद काळा करायची. आधी घर काढायची, छान काढायची, खिडक्यांना गज वगैरे, आणि मग काळा तेलखडू घेऊन कडेपासून आत भरत यायची, घर पुरं बुजेपर्यंत. एका पाहुण्या बाईंनी लगेच निदान केलं की हिच्या मनात अंधार आहे. मी विचारलं, "आता काय झालंय चित्रात?" म्हणाली, "रात्र झाली. लाइट गेले." मग मी तिला पत्र्याचा तुकडा दिला आणि काळ्यावर ओरखडे काढून दाखवले. खालचे रंग वर आले. तिने खिडक्या खरवडून उजळवल्या, रस्त्यावरचा एक दिवा केला. सांगायचा मुद्दा असा की मुलांच्या चित्रांचे अर्थ लावत बसू नका. विचारा, आणि पुढचं तंत्र हातात द्या. ते आपलं काम. निदान करणं आपलं काम नाही.

तंत्र खरंच शिकवा. 'बिचारी मुलं आहेत, काहीही केलं तरी वा वा' हे मुलांना बरोबर कळतं आणि त्यांचा अपमान होतो. मैदानावर पास चुकला की सांगतातच ना, तसंच इथे सांगा, इथला हात लांब झालाय, बघ तुझा स्वतःचा हात कुठपर्यंत पोचतो. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. तिथे गरीब घरांतली मुलं अव्वल दर्जाचं संगीत वाजवायला शिकली, जास्त येणाऱ्याने कमी येणाऱ्याला शिकवायचं अशी रीत होती. मुलांकडून उत्तम कामाची अपेक्षा ठेवणं हाही मान देण्याचाच प्रकार आहे.

बक्षिसांबद्दल मात्र जपून. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रसिद्ध प्रयोग आहे. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर प्रशस्तिपत्राच्या आशेने काढणारी मुलं आता चित्रांकडे सगळ्यांत कमी वळत होती. तेव्हा 'जो सगळ्यात छान काढेल त्याला' हे नकोच.

आणि न बोलणाऱ्या मुलांसाठी एक खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळू हालचाल करायची, दुसऱ्याने आरसा व्हायचं. मग अदलाबदल. शब्द लागत नाहीत, हार-जीत नाही, स्पर्श नाही. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना असे कितीतरी नाट्यखेळ बांधले, भाषा वेगळी असलेल्या मुलांनाही एकत्र खेळता यावं म्हणून. तुमच्या केंद्रातही जागा बदलत आलेली, वेगळी भाषा बोलणारी मुलं असतील असं दिसतं, तिथे हे फार उपयोगी पडेल.

उंबरठा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. मी समुपदेशक आहे, एक बाजू राहून गेलीये ती लिहिते.

संस्थेने तुमची ओळखपत्रं, पूर्वीचा अनुभव, ओळखीच्यांची नावं विचारली का? नसतील विचारली तर तुम्हीच विचारा की मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचे तुमचे नियम काय आहेत. जी संस्था कुणालाही न तपासता मुलांमध्ये सोडते, तिथे मी जाणार नाही. तुमच्याबद्दल शंका म्हणून हे नाही. उद्या येणाऱ्या माणसाबद्दलची काळजी आहे.

तुम्ही स्वतः पाळायचं ते साधं आहे. बंद खोलीत एका मुलासोबत एकटं राहू नका, दार उघडं ठेवा, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असू द्या. बास्केटबॉलमध्ये हाताची ठेवण सुधारताना आधी विचारा, "हात धरून दाखवू का?" नाही म्हटलं तर स्वतःच्या हातावर दाखवा. 'नाही' म्हणता येतं आणि ते मोठी माणसं ऐकतात, हे काही मुलांना तिथे पहिल्यांदा अनुभवायला मिळतं. फोटो काढून कुठेही टाकू नका. चेहरा झाकलेला असला तरी केंद्राचं नाव आणि चित्राखालची सही पुरेशी असते. स्वतःचा फोन नंबर मुलांना देऊ नका.

चित्र काढता काढता किंवा खेळून दमल्यावर मूल कधीकधी अचानक घरातलं काही सांगतं, मारहाणीचं किंवा त्याहून वाईट. हात कामात असले, नजर कागदावर असली की बोलणं सोपं जातं, म्हणून ते तुमच्याच तासाला होण्याची शक्यता जास्त. तेव्हा शांतपणे ऐका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागेल. खोदून खोदून विचारू नका, "बरं केलंस सांगितलंस, यात मदत करणाऱ्या ताईंना मला हे सांगावं लागेल" असं म्हणा. आणि त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला सांगा, मुलाच्या शब्दांत लिहून द्या. कुटुंबाकडे परस्पर जाऊ नका.

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ३१ आहे, विश्रांती, खेळ आणि कलेत सहभागी होण्याचा मुलांचा हक्क. त्याच करारात कलम १९ हिंसा आणि छळापासून संरक्षणाचं आहे. मी नवीन स्वयंसेवकांना दोन्ही एकत्र सांगते.

पत्ताबदल

इतके दिवस इथे पाककृती आणि प्रवासाचे धागे वाचले, आज लिहावंसं वाटलं. मी अशाच एका केंद्रात वाढले. संस्थेचं नाव घेत नाही.

पाहुणे आले की आम्हाला रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावायचे. खेळ सुरू असला तरी थांबवायचे. मला त्या गाण्याचा अजून राग येतो. निळीशाई, तुमचा तास चालू असताना कुणी देणगीदार बघायला आले तर खेळ थांबवू नका. इतकं केलंत तरी मुलं तुमची बाजू घेतील.

आमच्याकडे चित्रं शिकवायला एक ताई यायच्या. त्या प्रत्येकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं फोल्डर ठेवायच्या. घरी चित्र ठेवायला आम्हाला जागाच नसायची, भिजायचं, धाकटी भावंडं फाडायची, चुलीत जायचं. फोल्डरमध्ये राहायचं. प्रत्येक चित्रामागे त्या तारीख घालायच्या आणि आम्ही त्याबद्दल काय म्हणालो ते एका ओळीत लिहायच्या, त्यांचं मत नाही, आमचे शब्द. त्या किती काळ आल्या ते मला नीट आठवत नाही, फार नसावं. पण निघण्याआधी बरेच आठवडे त्यांनी सांगितलं होतं, आणि शेवटच्या दोन तासांना आम्ही फक्त फोल्डर उघडून जुनी चित्रं बघितली, कुणाला काय घरी न्यायचं, काय केंद्रात ठेवायचं ते ठरवलं. माझ्याकडे ते फोल्डर आहे. एका चित्रामागे लिहिलंय, "हा मासा नाही, हा मासा होणार आहे." मी असं म्हणाले होते, हे मला त्या ओळीमुळेच माहीत आहे.

तेव्हा तुमच्या आईंना सांगा, जाणाऱ्या माणसांचा राग येत नाही. न सांगता जाणाऱ्यांचा येतो. आमचे एक खेळाचे सर एका सोमवारी आलेच नाहीत, पुढच्याही नाही. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आम्ही आपापसांत ठरवलं की आपण दंगा केला म्हणून गेले, आणि ज्याने जास्त दंगा केला होता त्याला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलं. तो मुलगा नंतर केंद्रात यायचाच बंद झाला. सरांना यातलं काही माहीतही नसेल.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्ताबदल, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण नंतर येऊन तिने जुने पुठ्ठे कुठे ठेवलेत ते सांगितलं.

काल केंद्रात जाऊन संयोजक ताईंशी बोलले. बदलीचं आधीच सांगितलं. त्यांनी सुचवलं की वार्षिक परीक्षेपर्यंतचा काळ पक्का धरायचा, त्याआधी ऑर्डर आली तर मी निदान महिनाभर आधी सांगायचं, आणि माझ्यासोबत त्यांच्याकडची एक कार्यकर्ती कायम असेल, म्हणजे नंतर तिला पुढे नेता येईल. ओळखपत्रं आणि दोन जणांची पत्रं त्यांनी स्वतःहून मागितली. दार उघडं ठेवायचा नियम भिंतीवर लिहिलेलाच होता, बरं वाटलं.

मैदान मात्र नाही. समोर सिमेंटचं छोटं अंगण आहे, एका बाजूला पाण्याची टाकी. मुलं पंचवीस-तीस, वयं सगळी मिसळलेली. चेंडू एक, तोही फुटबॉल, अर्धा बसलेला. एवढ्यात काय खेळवू? आणि एक मुलगा होता, मी बोलत असताना माझ्या वहीच्या कागदाचे तुकडे करत बसला होता. त्याचं काय करायचं?

मैदानवाला

संयोजक ताई कामाच्या दिसतायत, अर्धं काम झालं.

सिमेंटवर अनवाणी नको, आणि पूर्ण वेगाचं धावणंही नको, गुडघे फुटतात. गट दोन करा, अर्ध्यांना खेळ, अर्ध्यांना चित्रं, मध्यावर अदलाबदल. कार्यकर्ती सोबत असल्याने हे जमेल. पहिल्या दिवशी साखळीची पकडापकडी घ्या. ज्याच्यावर राज्य आहे त्याने पकडलं की हात धरायचा, साखळी वाढत जाते. छोट्या जागेत उलट जास्त रंगते, आणि मोठ्यांना लहानांच्या वेगाने पळावं लागतं कारण हात सुटला तर पकड रद्द. पाण्याच्या टाकीभोवती खडूने रेघ मारा, तिच्या आत जायचं नाही. ती रेघ मुलांकडूनच मारून घ्या. मग लांब दोरी, एका वेळी तिघांनी उडी. चेंडूचा खेळ गोलात बसून: चेंडू हाताने सरपटत ज्याच्याकडे द्यायचा त्याचं नाव घ्यायचं. तुम्हाला नावं पाठ होतील आणि मुलांना कळेल की तुम्ही पाठ करताय. दुसऱ्या खेपेला नावं आठवणं हे पहिल्या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. वहीत लिहून घ्या.

चेंडूला हवा भरायचा पंप आणि सुई न्या. पंप त्या कागद फाडणाऱ्याच्या हातात द्या.

तिसरीघंटा

आणि फाडलेले तुकडे टाकू देऊ नका. जुनी वर्तमानपत्रं न्या, त्याला आणि अजून चौघांना म्हणा, कात्री नाही, हातानेच फाडा, लांब पट्ट्या, बारीक तुकडे, हवं तसं. मग खळीने मोठ्या कागदावर चिकटवून चित्र. हाताने फाडलेल्या कडेला कात्रीच्या कडेपेक्षा जास्त जीव असतो, समुद्र, डोंगर, केस फार छान येतात. ज्याचे हात सारखं काही फाडतात त्याला पट्ट्या बारीक पाडता येतात, बाकीची पोरं त्याच्याकडे शिकायला येतील.

खळी घरूनच करून न्या, गार झालेली. आणि पुसायला भरपूर फडकी.

पत्ताबदल

फोल्डरवर नाव मुलांनाच लिहू द्या, हवं ते नाव. केंद्राच्या यादीत माझं जे नाव होतं ते शाळेत कुणीतरी चुकीचं लिहिलेलं होतं. फोल्डरवर मात्र माझं खरं होतं.

निळीशाई

पंप, दोरी, खडू, वर्तमानपत्रं, पुठ्ठे. यादी केली. मंगळवार आणि शुक्रवार ठरलेत, साडेपाच ते सात. पहिल्या महिन्यानंतर इथे लिहीन. मुलांची नावं आणि फोटो न देता.